पोस्टग्रेसचा स्टँडबाय: पुण्यातला डेटाबेस हैदराबादेत जिवंत कसा ठेवायचा

आजवर एकाच मशीनवर पोस्टग्रेस चालवलाय, रात्रीचा बॅकअप शेजारच्या हार्ड डिस्कवर जातो आणि ऑडिटरनं “डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीनंतर काम पुन्हा उभं करायची सोय) आहे का?” असं विचारलं की घसा खाकरावा लागतो, अशांसाठी हा लेख आहे. लिनक्सवर थोडा हात बसलेला असावा, एसक्यूएल येत असावं. रेप्लिकेशन, म्हणजे डेटाबेसची चालती प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवणं, कधी केलं नसेल तरी चालेल.

उदाहरणाला एक पतसंस्था धरू. सिंहगड रस्त्यावर कार्यालय, तळमजल्यावर सर्व्हरची खोली, उबुंटूवर पोस्टग्रेस १६, डेटाबेस २०० जीबीचा. याची चालती प्रत आपल्याला हैदराबादेत भाड्यानं घेतलेल्या मशीनवर ठेवायची आहे. पुण्यातलं मशीन म्हणजे प्रायमरी, हैदराबादचं म्हणजे स्टँडबाय. कमांड, सेटिंग आणि आयपी इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमनमध्ये टाइप करायचे, आणि वेगळं सांगितलं नसेल तर छोट्या अक्षरांत.

आधी दोन आकडे ठरवा

टर्मिनल उघडण्याआधी संस्थेकडून दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. आपत्तीत किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, हा आरपीओ. किती वेळात काम पुन्हा सुरू झालं पाहिजे, हा आरटीओ. संचालक मंडळाच्या बैठकीत हा संवाद साधारण असा होतो:

“साहेब, सर्व्हर बुडाला तर किती मिनिटांच्या नोंदी गेलेल्या चालतील?”

“एकही नाही. ठेवीदारांचे पैसे आहेत ते.”

“मग दर नोंदीला हैदराबादची पोच येईपर्यंत काउंटर थांबेल. लाइन बंद पडली तर काउंटरही बंद. शिवाय तिकडे एकाऐवजी दोन मशीन घ्यावी लागतील.”

“…मिनिटभराच्या गेल्या तर स्लिपांवरून पुन्हा भरता येतील ना?”

येतील. हेच उत्तर हवं होतं. पतसंस्थेत कागदी स्लिप असते म्हणून मिनिटभर परवडतं. ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या दुकानाला कदाचित परवडणार नाही. आकडा धंद्यानं ठरवायचा, तंत्रज्ञानं नाही. आपण समजू: आरपीओ एक मिनिट, आरटीओ एक तास. पुढचे सगळे निर्णय यावर बेतलेले आहेत.

जागा निवडताना नकाशा उघडा

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं वस्त्या धुऊन नेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजले पाण्याखाली गेले. त्यामुळे तळमजल्यावरच्या सर्व्हरची प्रत त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवणं काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. वीज तीच, इंटरनेटची केबल तीच, आणि रस्त्यावर खोदकाम करणारा जेसीबीही तोच. दुसरी प्रत बाणेरला ठेवली तर पूर टळेल, पण शहरभर वीज गेली तर दोन्ही मशीन एकदमच गार.

क्लाउडवर रीजन निवडताना एक फसगत होते. मायक्रोसॉफ्ट अझ्युअरचं “सेंट्रल इंडिया” हे रीजन नावावरून नागपूर-भोपाळकडचं वाटतं, पण ते पुण्यात आहे. पुण्याच्या प्रायमरीसाठी डीआर म्हणून तेच निवडलं तर पैसे भरून आपण पुण्यातच राहिलो. अॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. मुंबई जवळची, म्हणून वेगवान. पण अतिवृष्टीचे दिवस दोन्ही शहरांत बऱ्याचदा एकदमच येतात. शेअर बाजार आणि डिपॉझिटरींसाठी सेबीचा दंडक असा आहे की मुख्य आणि डीआर केंद्रं शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रांत असावीत, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर अंतर असावं. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, पण विचार उसना घ्यायला हरकत नाही. हैदराबाद रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

अंतराची किंमत वेळेत मोजावी लागते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हैदराबादला जाऊन यायला किमान साडेपाच मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर असतात, म्हणून प्रत्यक्षात १५ धरा. प्रायमरीनं प्रत्येक कमिटला स्टँडबायच्या पोचपावतीची वाट बघायची, याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. काउंटरवरच्या कॅशियरला १५ मिलिसेकंद जाणवणारही नाहीत. पण व्याज आकारणीचा प्रोग्राम एकेका खात्याला वेगळा कमिट करत असेल आणि खाती एक लाख असतील, तर नुसती वाट बघण्यातच २५ मिनिटं जातील. आणि एकमेव सिंक्रोनस स्टँडबाय गायब झाला तर प्रायमरीवरचे कमिट तो परत येईपर्यंत अडकून राहतात, म्हणजे हैदराबादच्या बिघाडानं पुण्याचा काउंटर बंद. आपला आरपीओ एक मिनिटाचा आहे, तेव्हा असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न बघणारं, घ्या. पोस्टग्रेसमध्ये मुळात तेच असतं, काही बदलावं लागत नाही.

आत काय चालतं

पतसंस्थेत काम केलेल्याला हे समजायला अवघड नाही. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद होते, मग सवडीनं खतावणीत जाते. पोस्टग्रेसची कीर्द म्हणजे वॉल (राइट-अहेड लॉग), आणि टेबलं ही खतावणी. कमिट झाला याचा अर्थ वॉलमध्ये नोंद डिस्कवर पक्की झाली; टेबलाची पानं नंतर चेकपॉइंटच्या वेळी लिहिली जातात. वीज गेली तर उठल्यावर पोस्टग्रेस कीर्द वाचून खतावणी पुरी करतो. स्टँडबाय हेच काम अखंड करत बसतो: प्रायमरीकडून वॉल येतो, तो वाचतो आणि आपली टेबलं जुळवून घेतो. वॉलच्या फाइली १६ एमबीच्या असतात, पण फाइल भरायची वाट बघितली जात नाही, नोंदी होतील तशा ओघानं जातात. हे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे.

यातून काही गोष्टी आपोआप ठरतात. नक्कल बाइटच्या पातळीवर होते, म्हणून अमुक एक टेबल नको म्हणता येत नाही. पूर्ण क्लस्टर, म्हणजे त्या पोस्टग्रेसमधले सगळे डेटाबेस, जातं, युजर आणि पासवर्डसकट. दोन्हीकडे पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच लागते. १६ वरून १७ ला प्रत जाणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमही तीच ठेवा, हे मात्र कुणी सांगत नाही. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतो आणि २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला. प्रायमरी जुन्या उबुंटूवर आणि स्टँडबाय नव्यावर असेल तर वरवर सगळं ठीक दिसतं, पण स्टँडबायवर खातेदाराचं नाव शोधलं तर इंडेक्स कधी कधी “नाही” म्हणेल, आणि नोंद तर टेबलात असेल.

प्रायमरीची तयारी

दोन शहरांमध्ये आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, टाका. वायरगार्ड पुरेसा आहे. ५४३२ हा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, “फक्त चाचणीपुरता” म्हणूनही नाही. पुण्याच्या मशीनला बोगद्यातला पत्ता १०.२०.०.४ आणि हैदराबादला १०.२०.०.५ दिला असं धरू.

दहाव्या आवृत्तीपासून बरीचशी सेटिंग मुळातच ठीक असतात: वॉल_लेव्हल रेप्लिका, मॅक्स_वॉल_सेंडर्स १०, हॉट_स्टँडबाय ऑन. तरी एकदा शो कमांडनं बघून घ्या, कारण आधीच्या माणसानं काय बदललं असेल सांगता येत नाही. आपण बदलायच्या त्या तीन. लिसन_अॅड्रेसेस मध्ये लोकलहोस्टच्या जोडीला १०.२०.०.४ घाला. वॉल_लॉग_हिंट्स ऑन करा. याचा उपयोग शेवटी परतीच्या वाटेवर होईल, पण आधी केलं नसेल तर तेव्हा होत नाही. आणि मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजला आकडा द्या, तो कसा काढायचा ते पुढे येतं. पहिल्या दोन्हींना रीस्टार्ट लागतो, तेव्हा काउंटर बंद झाल्यावर करा.

मग रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर:

क्रिएट रोल रेप्लिकेटर विथ रेप्लिकेशन लॉगिन पासवर्ड ‘…’;

आणि पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलीत एक ओळ:

होस्टएसएसएल रेप्लिकेशन रेप्लिकेटर १०.२०.०.५/३२ स्क्रॅम-शा-२५६

दुसऱ्या रकान्यात डेटाबेसचं नाव नाही, “रेप्लिकेशन” हाच शब्द हवा. तिथे “ऑल” लिहिलं तर सगळ्या डेटाबेसना परवानगी मिळते, रेप्लिकेशनला मिळत नाही. नवख्याचा अर्धा दिवस बहुतेक इथेच जातो. फाइल बदलल्यावर रीलोड पुरतो.

हैदराबादेत प्रत उतरवणं

तिकडे पोस्टग्रेस १६ इन्स्टॉल करा. उबुंटूचं पॅकेज लगेच एक रिकामं क्लस्टर बनवून सुरूही करतं. ते थांबवा. आता त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आहे, आणि इथे जरा सावकाश.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत नेमकं हेच काम चाललं होतं. रेप्लिकेशन अडलं होतं, रात्र झाली होती, इंजिनिअर दुय्यम मशीनची डेटा डिरेक्टरी उडवून नव्यानं प्रत घेणार होता. कमांड प्रायमरीवर चालली. लक्षात आल्याबरोबर थांबवली, तोवर ३०० जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले साडेचार जीबी उरले होते. रात्रीचे बॅकअप निघतच नव्हते, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, बॅकअप फसल्याच्या ईमेलही परत जात होत्या. नशिबानं सहा तासांपूर्वी एकानं दुसऱ्याच कारणासाठी स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून उभं केलं. सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जगजाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

म्हणून प्रायमरीच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल करा आणि त्यात शहराचं नाव घाला. डिरेक्टरी पुसू नका, तिचं नाव बदला. प्रत नीट उतरल्यावर जुनी काढता येते. आणि एंटर दाबण्यापूर्वी होस्टनेम ही कमांड देऊन उत्तर मोठ्यानं वाचा. शेजारचा हसला तर हसू द्या.

नव्या, रिकाम्या डिरेक्टरीत पोस्टग्रेस युजर म्हणून:

पीजी_बेसबॅकअप -एच १०.२०.०.४ -यू रेप्लिकेटर -डी डेटा_डिरेक्टरी -आर -सी -एस हैदराबाद_१ -पी

यात -एच छोट्या लिपीत, बाकी सगळे पर्याय कॅपिटल अक्षरांत. -सी आणि -एस मिळून प्रायमरीवर हैदराबाद_१ नावाचा स्लॉट बनवतात. स्टँडबायनं कुठपर्यंतचा वॉल नेला ते हा स्लॉट लक्षात ठेवतो आणि न नेलेला पुसू देत नाही. -आर हा पर्याय स्टँडबाय.सिग्नल ही रिकामी फाइल ठेवतो आणि प्रायमरीचा पत्ता पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ मध्ये लिहितो. जुने लेख वाचाल तर रिकव्हरी.कॉन्फ बनवा असं सापडेल. ती पद्धत १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून बंद आहे. ती फाइल दिसली तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. पासवर्ड कमांडमध्ये देऊ नका, .पीजीपास फाइलीत ठेवा आणि तिचे परवाने ०६०० करा.

२०० जीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला, लाइन पूर्ण आपलीच असली तरी साडेचार तास लागतात. दिवसा चालू केलंत तर शाखांचे फोन येतील. रात्री करा, किंवा --मॅक्स-रेट नं वेग आवळा. लाइन मध्येच तुटली तर पीजी_बेसबॅकअप पहिल्यापासून सुरू करावं लागतं, तेव्हा टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा म्हणजे निदान लॅपटॉप झोपल्यानं तरी तुटणार नाही. अर्धवट राहिलं तर तयार झालेला स्लॉटही बघा. प्रायमरीवर तो राहिला असेल तर दुसऱ्या वेळी -सी न देता नुसता -एस द्या.

उबुंटूवर आणखी एक खोच आहे. तिथे कॉन्फिगरेशनच्या फाइली डेटा डिरेक्टरीत नसतात, ईटीसीखाली असतात, म्हणून त्या प्रतीसोबत येत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ दोन्ही तुम्हीच तिकडे नेऊन बसवायच्या. मॅक्स_कनेक्शन्स स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी असेल तर तो उठायलाच नकार देतो, त्यामुळे ते लगेच कळतं. पीजी_एचबीएचं मात्र कळत नाही. रेप्लिकेशन झकास चालतं, महिने जातात, आणि ज्या दिवशी शाखा हैदराबादला जोडायला जातात त्या दिवशी कुणालाच आत घेतलं जात नाही. शाखांच्या ओळी आजच तिकडे भरून ठेवा.

आता हैदराबादचा पोस्टग्रेस सुरू करा. लॉगमध्ये “स्टार्टेड स्ट्रीमिंग वॉल फ्रॉम प्रायमरी” अशी ओळ आली की जोडणी झाली.

चालतंय हे कसं ओळखायचं

पुण्यात पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन हा व्ह्यू बघा. एक ओळ दिसली पाहिजे आणि तिच्या स्टेट रकान्यात “स्ट्रीमिंग”. “कॅचअप” असेल तर तो मागचा वॉल भरून काढतोय, थोडं थांबा. ओळच नसेल तर जोडणी नाही. याच ओळीत सेंट_एलएसएन आणि रिप्ले_एलएसएन असतात (एलएसएन म्हणजे वॉलमधली जागा): एक म्हणजे इथून कुठवर पाठवलं, दुसरा म्हणजे तिथे कुठवर लागू झालं. प्रायमरीची सध्याची जागा आणि रिप्ले_एलएसएन यातला फरक पीजी_वॉल_एलएसएन_डिफ बाइटमध्ये देतो. अलार्म त्यावर लावा.

हैदराबादेत सिलेक्ट पीजी_इज_इन_रिकव्हरी(). याचं उत्तर टी (ट्रू, म्हणजे हो) आलं पाहिजे. एक चाचणीचं टेबल पुण्यात बनवा, एक ओळ घाला, तिकडे वाचा. मग मुद्दाम तिकडे ओळ घालायचा प्रयत्न करा; रीड-ओन्ली असल्याची एरर आली पाहिजे.

किती मागे आहे हे बघायला बरेच जण स्टँडबायवर आत्ताच्या वेळेतून पीजी_लास्ट_एक्सॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प (शेवटच्या लागू झालेल्या व्यवहाराची वेळ; ‘एक्सॅक्ट’चं स्पेलिंग एक्स-ए-सी-टी) वजा करतात. पतसंस्थेत संध्याकाळी सहानंतर व्यवहारच नसतात, त्यामुळे मध्यरात्री हे गणित सहा तासांचा लॅग दाखवतं आणि बिचाऱ्या ऑन-कॉल माणसाची झोप उडते. यावर साधा उपाय म्हणजे प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर मिनिटाला क्रॉनमधून वेळ लिहायची. मग हीच वजाबाकी खरं सांगते, आणि वरून तुमच्या एक मिनिटाच्या आरपीओवर चोवीस तास नजर राहते.

स्लॉट आणि भरलेली डिस्क

स्टँडबाय बंद पडला की स्लॉट इमानानं वॉल राखत बसतो. कितीही दिवस. मुळातल्या सेटिंगला मर्यादाच नाही. प्रायमरीची डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबतो, म्हणजे जे मशीन वाचवायला हा खटाटोप केला तेच डीआरपायी आडवं.

हिशोब करा. गर्दीच्या वेळी मिनिटाला वॉलच्या तीन फाइली होतात असं समजा. ४८ एमबी मिनिटाला, तासाला पावणेतीन जीबीच्या पुढे, चोवीस तास तसंच चाललं तर सत्तर जीबीच्या जवळ. वॉलच्या डिस्कवर १०० जीबी मोकळे असतील तर मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ६० जीबी ठेवा. त्यापलीकडे लॅग गेला तर पोस्टग्रेस स्लॉट बाद करतो, डिस्क वाचते आणि स्टँडबाय नव्यानं उतरवावा लागतो. साडेचार तासांचं काम पुन्हा, पण काउंटर चालू. ही सोय १३ व्या आवृत्तीपासून आहे; त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी अपग्रेडचं बघा. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मधला वॉल_स्टेटस “एक्स्टेंडेड” झाला की फोन वाजला पाहिजे. “लॉस्ट” झाल्यावर वाजून उपयोग नाही.

स्टँडबाय हा बॅकअप नव्हे

“दादा, चुकून व्हेअर न लावता डिलीट मारलं. पण हैदराबादेत असेल ना?” नसतं. एका सेकंदाच्या आत तिकडूनही गेलेलं असतं. स्टँडबाय पूर, आग, वीज, मेलेली डिस्क यांच्यापासून वाचवतो. माणसाच्या बोटांपासून नाही, आणि रॅन्समवेअरपासूनही नाही. पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन लावून वेगळा बॅकअप आणि वॉलचं संग्रहण ठेवा, म्हणजे “दुपारी २ वाजून १० मिनिटांपर्यंतचा डेटा द्या” असं मागता येतं. तो बॅकअप महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर उतरवून बघा.

डेटाबेसच्या बाहेरचं काहीच रेप्लिकेट होत नाही हेही ध्यानात असू द्या. खातेदारांचे स्कॅन केलेले फोटो आणि सह्या बहुतेक सॉफ्टवेअर एखाद्या फोल्डरमध्ये ठेवतात. ते फोल्डर आरसिंकनं वेगळं न्यावं लागतं. क्रॉनची कामं, एसएमएसच्या गेटवेची किल्ली, छपाईचे टेम्प्लेट, सगळ्याची यादी करा. अनलॉग्ड टेबलं वॉलमध्ये जात नाहीत, ती स्टँडबायवर रिकामीच मिळतील.

गादीवर कधी बसवायचं

प्रायमरी दिसत नाही, याचा अर्थ ती मेली असा होत नाही. हैदराबादच्या मशीनला पुणे दिसत नसेल तर कदाचित फक्त मधली लाइन तुटली असेल, आणि पुण्यात काउंटर मजेत चालू असेल. अशा वेळी हैदराबाद प्रमोट केलं, म्हणजे प्रायमरीच्या गादीवर बसवलं, तर दोन प्रायमरी होतात, दोन्हीकडे नोंदी पडतात, आणि त्या जुळवायला महिना पुरत नाही. म्हणून दोनच मशीन असताना आपोआप फेलओव्हर, म्हणजे माणसाला न विचारता होणारं प्रमोट, लावू नका. पॅट्रोनीसारखी साधनं उत्तम आहेत, पण त्यांना निर्णयासाठी बहुमत लागतं, म्हणजे किमान तीन ठिकाणी मतदार. एक तासाचा आरटीओ असताना माणसानं निर्णय घेणं परवडतं.

तो माणूस कोण आणि त्याच्यानंतर कोण, ही नावं कागदावर हवीत. प्रमोट करण्याआधी त्यानं तिसऱ्या ठिकाणाहून, घरच्या इंटरनेटवरून किंवा एखाद्या शाखेतून, पुणे दिसतं का ते बघायचं, आणि कार्यालयात फोन करायचा. मग पुण्याचं मशीन परत उठणार नाही याची सोय: ते हाताशी असेल तर बंद करून सर्व्हिस डिसेबल करा, नसेल तर राउटरवर शाखांची वाट तोडा. वीज परत आली की मशीन आपसूक सुरू होऊन नोंदी घेऊ लागेल, हा धोका पुण्यात काल्पनिक नाही.

एवढं झालं की हैदराबादेत:

सिलेक्ट पीजी_प्रमोट();

काही सेकंदांत पीजी_इज_इन_रिकव्हरी एफ म्हणतो. झालं. खरा वेळ अॅप्लिकेशन वळवण्यात जातो. नाव डीएनएसमधून बदलणार असाल तर त्याचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आधीपासून ६० सेकंदांवर ठेवा. लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या लायब्ररीवर चालणाऱ्या प्रोग्रामांना जोडणीच्या ओळीत दोन्ही पत्ते देता येतात आणि टार्गेट_सेशन_अॅट्र्स = रीड-राइट लिहिलं की ते स्वतःच लिहिता येणारं मशीन शोधतात. मला हा मार्ग जास्त आवडतो. ऐन गोंधळात बदलायची एक गोष्ट कमी होते.

रंगीत तालीम

इथवरचं सगळं एका दिवसात होतं. डीआर आहे की नाही हे मात्र तालमीतच कळतं, आणि नेमकी तीच टाळली जाते, कारण “चालू आहे ते कशाला बिघडवायचं”. पहिली तालीम रविवारी घ्या, दुसरी कामकाजाच्या दिवशी. रविवारी कुणी चेक वटवत नाही, त्यामुळे काय तुटलं ते कळत नाही.

क्रम असा. शाखांना कळवा, अॅप्लिकेशन बंद करा, पुण्याचा पोस्टग्रेस नीट थांबवा. नीट थांबवल्यावर तो उरलेला वॉल स्टँडबायला पोचवूनच बंद होतो, म्हणून एकही नोंद जात नाही. मग हैदराबाद प्रमोट. घड्याळ लावा. खातं उघडा, पैसे भरा, पासबुक छापा, दिवसअखेर करा. निदान एक पूर्ण दिवस तिकडूनच चालवा, तेव्हाच कळतं की स्वस्तात घेतलेलं दोन कोअरचं मशीन दुपारी बारा वाजता धापा टाकतं.

तालमीत डेटाबेस क्वचितच दगा देतो. दगा देतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. क्लाउडच्या खात्याचा ओटीपी एकाच माणसाच्या मोबाइलवर येतो आणि तो गावी गेलेला असतो. पायऱ्यांचा कागद पुण्याच्याच सर्व्हरवर ठेवलेला असतो. व्हीपीएनची किल्ली ऑफिसच्या पीसीत असते. अनंत चतुर्दशीची कल्पना करा: मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू, पेठांमधले रस्ते बंद, आणि जबाबदार माणूस सदाशिव पेठेत घरी अडकलेला. त्यानं घरून, लॅपटॉपवरून, छापील कागद बघत हे सगळं करता आलं पाहिजे. कागद लिहिणाऱ्यानं तालीम करू नये. टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या हातात कागद द्या आणि तो जिथे अडतो तिथे कागद सुधारा.

परतीची वाट

ठरवून केलेल्या तालमीनंतर परतणं सोपं आहे. पुण्याचं मशीन नीट थांबवलेलं असल्यानं त्याच्याकडे हैदराबादला माहीत नसलेली एकही नोंद नसते. हैदराबादेत पीजी_क्रिएट_फिजिकल_रेप्लिकेशन_स्लॉट नं पुणे_१ स्लॉट बनवा, कारण बेसबॅकअपसोबत स्लॉट येत नाहीत. पुण्यात स्टँडबाय.सिग्नल फाइल ठेवा, प्रायमरी_कॉनइन्फो मध्ये हैदराबादचा पत्ता आणि प्रायमरी_स्लॉट_नेम मध्ये पुणे_१ लिहा, सुरू करा. प्रमोटनंतर वॉलची जी नवी वाट, म्हणजे टाइमलाइन, सुरू झाली तिच्यावर तो स्वतःहून जातो. बरोबरीला आला की तीच तालीम उलट्या दिशेनं.

खऱ्या आपत्तीनंतर तसं नसतं. पुण्याच्या डिस्कवर शेवटच्या काही सेकंदांच्या, हैदराबादला न पोचलेल्या नोंदी असू शकतात. अशा मशीनला नुसतं स्टँडबाय म्हणून उठवलं तर ते जुळत नाही. आधी त्या डिस्कची प्रत बाजूला काढा. स्लिपांशी ताळा घालताना ती लागेल. मग पीजी_रीवाइंड चालवा: दोन्ही वाटा जिथे फुटल्या तिथपर्यंत तो मागे नेतो आणि बदललेली पानं हैदराबादहून आणतो. पूर्ण २०० जीबी पुन्हा आणावे लागत नाहीत. सुरुवातीला वॉल_लॉग_हिंट्स ऑन केलं ते यासाठीच. क्लस्टर बनवतानाच डेटा चेकसम चालू असतील तर तेही चालतं. अठराव्या आवृत्तीपासून नव्या क्लस्टरला ते मुळातच चालू असतात. मशीन पाण्यात बुडालेलं असेल तर अर्थातच नवं घ्या आणि बेसबॅकअपपासून सुरू करा.

सगळं जागेवर आलं की दोन्ही मशीनवर पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स उघडून बघा. परतल्यावर हैदराबादेत पुणे_१ हा स्लॉट तसाच पडून राहतो. ऐकणारं कुणी नाही, तरी तो तिथल्या डिस्कवर वॉल साठवत बसतो. पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट नं तो काढून टाका, आणि कागदावर ही पायरी शेवटची म्हणून लिहून ठेवा.